कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं ॲसिड

४ तारीख, मंगळवार
सगळं माझ्याच माथी! बाटली मी आणली, मान्य. पण संडासाचं दार उघडं कुणी टाकलं? सुनेनं. चार वर्षांची नात, तहानलेली, कोल्ड्रिंकची बाटली दिसली, लावली तोंडाला. मी ऑफिसातले संडास धुते. सुपरवायझर मोठ्या कॅनमधलं ॲसिड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून देतो. उरलेलं सगळ्याच बायका घरी नेतात. मी एकटीच का?

५, बुधवार
पोरीच्या नाकातून नळी. ओठ सुजून काळे. माझ्याकडे हात केला, तर सुनेनं तिला आपल्याकडे वळवलं. ठीक आहे.

६, गुरुवार
डॉक्टरीणबाई विचारत होत्या, हिला मिठाचं पाणी पाजून उलटी कुणी करायला लावली? ॲसिड आत जाताना जाळतं, वर येताना परत जाळतं म्हणे. घसा जास्त त्यानंच गेलाय. सून म्हणाली, "आईंनी—"
मी तिथंच तोडलं. "माझं नाव घेऊ नकोस. जवळ तू होतीस."
मुलानं माझं खरं मानलं. मानणारच.

७, शुक्रवार
मुलगा बायकोशी बोलत नाही. मी नेलेला डबा एकट्यानं खाल्ला.

८, शनिवार
सुपरवायझरला झापलं, बाटल्यांवर चिठ्ठी का चिकटवत नाही? म्हणतो, "मावशी, तुमच्या नातीला वाचता येतं का?" बायका खाली बघायला लागल्या. मेल्याचं तोंड फोडावंसं वाटलं. पण मला तर वाचता येतं. बाटलीत काय आहे, घरात कुणाला मी तरी कुठं सांगितलं होतं?

१०, सोमवार
सुनेचा भाऊ तिला माहेरी न्यायला दवाखान्यात आला. मुलगा म्हणाला, जा, पोर इथंच राहील. पोर आईचं बोट सोडेना, म्हणून सून रात्रीपुरती थांबली. रडायला गेली तर आवाजच फुटला नाही.

११, मंगळवार
दवाखान्याच्या बाकावर मुलाला आणि सुनेला बसवलं आणि सांगून टाकलं. मिठाचं पाणी मी पाजलं. घशात बोटं मी घातली. सून माझा हात ओढत होती, आधी डॉक्टरांना विचारू म्हणत होती. मी तिला ढकलून दिलं.
रडणं-पाया पडणं मला जमत नाही. म्हटलं, मी घरात राहू की निघू, रविवारपर्यंत सांगा. आणि उत्तर सुनेनं द्यायचं.