खिडकीजवळचं टेबल

६ जानेवारी, मंगळवार

आजपासून कॅफेतून काम. नव्या वर्षाचा हा एकच संकल्प, त्यामुळे टिकणार. गेल्या वर्षी ढीगभर केले होते, तिथेच चुकलं.

श्वेता घरून मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. माझे क्लायंट कॉल आणि तिचे अपूर्णांक एका हॉलमध्ये मावत नाहीत. काल एका मुलाने उत्तर म्हणून माझ्या प्रोजेक्टची डेडलाइन सांगितली. त्यावर ती म्हणाली, उद्यापासून तू कुठेतरी बाहेर जाऊन बस. माझ्यासारख्या माणसाला प्रेरणादायी वातावरण लागतं, हे बायकोला उशिरा का होईना कळलं.

गल्लीच्या टोकाला ‘सत्या कॉफी’ आहे. घराच्या पुढच्या खोलीत काढलेलं छोटं कॅफे. जेमतेम चार टेबलं, खिडकीबाहेर कढीपत्त्याचं झाड. ताटलीएवढी मऊ तट्टे इडली, वर लोण्याचा गोळा. कॉफी फेसाळ. महादेवपुऱ्यात इतक्या स्वस्तात एवढं सुख मिळतं यावर ऑफिसमधले लोक विश्वास ठेवणार नाहीत. मालकीण सत्यवती अक्का. माहेर निपाणीचं, म्हणून मराठी छान बोलतात. नवरा गुरुदत्त आत स्वयंपाक करतो. तो फक्त कन्नड बोलतो, तेही क्वचित.

खिडकीजवळचं टेबल घेतलं. सगळ्यांत मोठं तेच, आणि प्लग पॉइंटही तिथेच. एक कॉफी, एक इडली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शांतपणे काम. नागपूर सोडून या कन्नड मुलखात येऊन दोन वर्षं झाली. या शहरात आपली अशी एक जागा आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

अक्का फार आतिथ्यशील. दर थोड्या वेळाने येऊन विचारतात, अजून काही आणू का? मी दर वेळी नको म्हणतो. त्यांना उगाच त्रास कशाला.

आज त्यांनी माझ्या डोक्यावरचा पंखा फुल सोडला. बाहेर चांगलीच थंडी होती, पण भावना महत्त्वाची. मी हुडीची टोपी ओढून घेतली, वर हेडफोन लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. कामात लक्ष असलं की मला जगाचं भान राहत नाही.

मध्येच मान वळवली तर दारात काही म्हातारी मंडळी उभी. आत बघितलं, थोडा वेळ थांबली, निघून गेली. मॉर्निंग वॉकवाले असणार. त्या लोकांना बसायला आवडत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

गंभीर बातमी. कॅफे अडचणीत आहे.

अक्का आणि गुरुदत्तचं आत काहीतरी चाललं होतं. मी विचारलं. अक्का आधी काही नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, “सकाळचं गिऱ्हाईक येतंय, दारातनं बघतंय आणि जातंय. असं कधी झालं न्हवतं ओ.”

मला लगेच कळलं. मेन रोडवर एक चकाचक कॅफे उघडलंय. काचेची भिंत, बीनबॅग, कॉफीवर पान काढून देतात. तिथे जात असणार सगळे. मी अक्कांना सांगितलं की कस्टमर टिकवून ठेवणं हा माझा प्रोफेशनल विषय आहे. (आमच्या टीमने एका ॲपसाठी हेच केलं होतं. ते ॲप बंद पडलं, पण त्याला मार्केट कारणीभूत होतं.) तुमचं कॅफे वाचवायची जबाबदारी माझी, तुम्ही निश्चिंत राहा.

अक्का म्हणाल्या, तुम्ही कशाला एवढा त्रास घेताय, घरी जाऊन जरा आराम करा की.

स्वतः संकटात असताना दुसऱ्याची काळजी करणारी माणसं आता उरली नाहीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

प्लॅनिंगला सुरुवात. शेजारचं टेबल ओढून माझ्या टेबलाला जोडलं. चार्ट पेपर पसरायचे म्हणजे जागा हवीच. अक्कांनी संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ला दिलं, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र. चार्ट बघता बघता सगळं संपलं. अक्कांनी वाटीत पाहिलं. ते बहुधा सगळ्या गिऱ्हाइकांसाठी होतं.

गुरुदत्त आतून हात पुसत आला. जोडलेल्या टेबलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, “सरी” म्हणाला आणि आत गेला. सरी म्हणजे ठीक आहे. मॅनेजमेंटचं अप्रूव्हल मिळालं.

निष्कर्ष: इथे व्हाइब कमी पडते. लोकांना घरच्यासारखं वाटलं पाहिजे.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी लवकर जाऊन दाराबाहेर मीच खडूने बोर्ड लिहिला. ‘या. बसा. हवा तेवढा वेळ बसा. वायफाय फ्री.’ वायफाय माझ्या मोबाइलचं. गुंतवणूक करायला मी कचरत नाही.

ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात माझ्या टीममधला तनय आला, मागून त्याचे मित्र. सगळे लॅपटॉपवाले. प्रत्येक टेबलावर एकेक. हाऊसफुल.

अक्का काउंटरमागे उभ्या राहून बघत होत्या. मी अंगठा वर केला. त्यांनी केला नाही. आनंद पचायला वेळ लागतो. तनयच्या मित्राने गरम पाणी मागितलं, ग्रीन टीची पिशवी त्याने घरून आणली होती.

२२ जानेवारी, गुरुवार

आज थोडं सेटबॅक.

मी पोचलो तर खिडकीजवळचा प्लग बंद. अक्का म्हणाल्या, करंट येत नाही त्यात. मग मी घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड थेट स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. तिथे मिक्सरची वायर होती, ती मी काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवली. गुरुदत्त तेव्हा मागे नारळ फोडत होता.

चटणी झाली नाही. दोन गिऱ्हाइकं इडली तशीच टाकून गेली. एका बाईंनी अक्कांना बरंच सुनावलं. गुरुदत्त बाहेर आला आणि माझ्याशी कन्नडमध्ये बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. आमच्यातला दुरावा कमी होतोय असं वाटलं. तनय कन्नडच्या क्लासला जातो, त्याला विचारलं की हा काय म्हणतोय. तनय म्हणाला, अजून एवढं शिकवलेलं नाही. त्याचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी श्वेताने विचारलं, तू तिथे नक्की करतोस काय? मी म्हणालो, एक बिझनेस वाचवतोय. ती म्हणाली, आपला मिक्सर पण बंद पडलाय, वेळ मिळाला तर बघ.

२४ जानेवारी, शनिवार

अक्का आज दमलेल्या दिसल्या. मी धीर दिला. तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या. म्हणाल्या, बाकी गिऱ्हाईक गेलं त्याचं एवढं नाही, पण अप्पासाहेब येईनात याचा जिवाला घोर लागलाय.

अप्पासाहेब मूळचे निपाणीकडचेच. होसकोट्याच्या कारखान्यात फोरमन होते, आता एकटे राहतात. बायको गेल्यापासून रोज सकाळचं खाणं सत्या कॉफीत. सोबत त्यांच्या वयाचे दोस्त. कॅफे उघडलं त्या दिवशी पहिली कॉफी त्यांनीच घेतली होती. आता दोन आठवडे उलटून गेले, पत्ता नाही. फोन केला तर म्हणतात, बरा आहे, ब्रेड खातोय.

“ब्रेड खाऊन माणूस बरा असतोय व्हय?” अक्का म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मी चार्ट गुंडाळून ठेवले.

ठरलं. उद्या स्वतः जाऊन अप्पासाहेबांना परत आणायचं. मोठ्या कॅफेची बीनबॅग त्या वयात सोसणार नाही, एवढाच मुद्दा पटवायचाय.

२५ जानेवारी, रविवार

हे लिहावं की नाही, विचार करतोय. पण रोजनिशी माझीच आहे, कोण वाचणार.

अक्कांकडून इडलीचं पार्सल घेऊन गेलो. लॅपटॉप नाही, हुडी नाही, इस्त्रीचा शर्ट. अप्पासाहेबांनी दार उघडलं. काळा चष्मा. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. मी म्हणालो, मी अभिराज, सत्यवती अक्कांकडून आलोय. मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला. “या की, बसा,” म्हणाले. डबा उघडून उभ्याउभ्याच इडलीचा तुकडा तोंडात टाकला, मग खुर्चीत बसून हळूहळू खात राहिले. टेबलावर ब्रेडचं पाकीट होतं, ते त्यांनी वर्तमानपत्राखाली सरकवलं.

मी विचारलं, तुम्ही त्या मेन रोडच्या कॅफेत जाता का?

“तिथं कशाला मरायला? अहो, मला अक्काकडंच जायचंय. पण बसायचं कुठं? आमच्या खिडकीजवळ एक मनुष्य येऊन बसतोय बघा.”

मी विचारलं, कसला मनुष्य?

“पाठमोराच असतोय. डोक्यावर टोपडं, कानाला डबड्या, भिंतीकडं तोंड. एक कॉफी घेतोय आणि उन्हं डोक्यावर आली तरी हालत न्हाई. आम्ही सगळी दारात उभी राहिलो, खोकून बघितलं. ढिम्म. आता शेजारचं टेबलही ओढून घेतलंय म्हणं. संसार मांडलाय, नुसतं बायकोला आणायचं राहिलंय. आणि अक्का भिडस्त बाई, मुलखाचं मराठी माणूस म्हणून तोंड उघडत न्हाई.”

मी पाणी मागितलं.

या क्षणी सरळ माणसाने सांगून टाकलं असतं. मी म्हणालो, “काय एकेक लोक असतात.”

ते म्हणाले, “न्हाई तर काय.”

मग मी त्या माणसाबद्दल आणखी बरंच बोललो. लाज नावाची गोष्ट नाही, घरी वळण नसेल, वगैरे. अप्पासाहेब प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, “तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं ऐकेल तो. त्याला तेवढं तिथनं हलवा. पोरं परदेशात, घरात बोलायला कोण न्हाई. सकाळची ती एक कॉफीच हाय बघा मला.”

मी शब्द दिला.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. दिवसभर विचार केला. त्या माणसाची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यालाही या शहरात कोणी नाही. त्यालाही ती एकच जागा आहे. पण त्याला घरी बायको आहे, ही गोष्ट त्याच्या विरोधात जाते.

श्वेताला सगळं सांगितलं. तिचा जादा क्लास चालू होता आणि म्यूट करायचं राहिलं. ती इतकी हसली की मुलंही हसायला लागली. एकाने विचारलं, मिस, मग त्या काकांना कोणी उठवलं?

२७ जानेवारी, मंगळवार

दाराबाहेरचा बोर्ड पुसला. तनय आणि मंडळींना सांगितलं, उद्यापासून इथे बसायचं नाही. तनय म्हणाला, पण बोर्ड तर तूच लिहिला होतास. मी म्हणालो, स्ट्रॅटेजी बदलली आहे. टेबलं पूर्वीसारखी लावली. एक्स्टेन्शन काढलं.

अक्कांना म्हणालो, माझं काम आता घरूनच आहे, इथे यायला जमणार नाही. वाटलं होतं, वाईट वाटून घेतील, निदान कारण तरी विचारतील.

त्यांनी न मागता कॉफी दिली. मोठ्या ग्लासात. आणि पंखा बंद केला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राहवलं नाही. सकाळी रिकाम्या हाताने गेलो.

कॅफे गच्च. खिडकीजवळ अप्पासाहेब, सोबत त्यांचे दोस्त. काळा चष्मा होता, तरी मला आवाजावरून ओळखलं. दोस्तांना म्हणाले, “हेच ते अभिराज. ह्यांनी त्या मनुष्याला घालवलं.” सगळ्यांनी सरकून मला स्टूल दिलं. माझ्यासाठी खारा बाथ, म्हणजे इकडचा तिखट उपमा, मागवला. एक आजोबा म्हणाले, असली माणसं पाहिजेत समाजात. मला विचारलं, नेमकं केलं काय?

मी सांगितलं, समजावलं. सुरुवातीला ऐकत नव्हता. मग जरा आवाज चढवला.

अक्का कॉफी घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

“आणि परत आला तर ओ?” अप्पासाहेबांनी विचारलं.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी ग्लास माझ्यासमोर ठेवला. “येऊ दे की,” त्या म्हणाल्या. “वाईट न्हाई तो. त्याला नुसतं उठायचं कळत न्हाई.” आतून गुरुदत्तच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे त्याला मराठी कळतं. पहिल्या दिवसापासून कळत असणार.

खारा बाथ फार सुंदर होता. मी म्हाताऱ्या मंडळींना मेन रोडच्या कॅफेच्या बिझनेस मॉडेलबद्दल सांगायला घेतलं. रंगात आलो होतो. अक्का परत आल्या, ताटली उचलली आणि हळूच म्हणाल्या, “झालं न्हवं तुमचं? बाहेर माणसं थांबलीत.”

उठलो.

कॉफी फुटपाथवर उभा राहून संपवली. बाहेर खरंच रांग होती. घरी येऊन श्वेताला सांगितलं, कॅफे वाचलं, रांगा लागल्यात, माझा प्लॅन शंभर टक्के सक्सेसफुल. ती म्हणाली, खूप छान, आता क्लासची वेळ झाली, तू किचनमध्ये जा.

किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून लिहितोय. स्टूल नाही. प्लगला दुरुस्त करून आणलेला मिक्सर लावलाय.