पाचर सैलच हवी

भवानी पेठ, पुणे
बुधवार

दत्तोबा यांस मैनुद्दीन पंखेवाल्याचा सलाम. गुडघा कसा आहे? शेक घेता की नुसतं म्हणता? फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून आमच्या करीमच्या हाती हे पत्र. (तो हडपसरला कामाला येतोच.)

माझी नात परवीन हिंजवडीला विमानाच्या इंजिनातली पाती कॉम्प्युटरवर थरथरवून बघते. एका पात्याचे म्हणे दोन लाख बिंदू. सगळ्यांचं गणित मांडलं तर यंत्राला नऊ दिवस लागतात. पोरीनं त्यातले चाळीस ठेवले, बाकीचं पातं कसं हलतं ते दहा-बारा ठरावीक थरथरींत गुंडाळलं, आता उत्तर चहा उकळेपर्यंत हजर. विमानात माणसं बसलेली, आणि ही बिंदू गाळते. (मी सातवी नापास, पण पंख्याचा स्क्रू कधी गाळला नाही.) तसं बोललो, तर म्हणाली, "नाना, पंखा खडखडला की तुम्ही आधी काय बघता?"

"जोड. जिथं घासतं ते."

"माझे चाळीस बिंदू तिथलेच."

दत्तोबा, पंचेचाळीस वर्षं शिडीवर चढून जे केलं, त्याला गणित आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं टेबलावर दोन पोलादी पाती उभी केली. टिचकी मारली, घणघणत राहिली. मधे बोटाएवढी सैल पाचर घातली, आवाज जागीच विरला. पाचर घासते आणि थरथर खाऊन टाकते; इंजिनातही पात्यांमधे अशीच असते म्हणे. मी टोपी काढून बघत बसलो. (हुस्नबानू म्हणाली, आपला संसारही असाच टिकला. पाचर कोण, ते सांगितलं नाही.) शनिवारी हे ती साहेबांना दाखवणार. पटलं तर तिची रीत चालू, नाहीतर दोन वर्षांची मेहनत बासनात.

बाकी क्षेम.

आपला,
मैनुद्दीन

ता. क. परवीन कामावर गेली असताना मला ती पाचर फारच सैल वाटली. हात आवरेना. चिकटवून टाकली, पक्की. आता टिचकी मारली की स्वयंपाकघरातून हुस्नबानू बाहेर येते. शुक्रवारपर्यंत तुमच्या लेथवर तशीच एक करून द्या. माप मागे काढलंय. आयुष्यभर घट्ट काम केलंत, एवढं एक सैल करा. पोरीला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. परवीननं आत्ताच पत्रामागचं माप बघून सांगितलं, "दत्तोबाकाकांची पाचर येऊ द्या. साहेबांपुढे आधी तुमची चिकटलेली वाजवीन, मग ती ठोकून काढीन आणि त्यांची घालीन." चिकटवल्याचं तुला कसं कळलं, म्हटलं. म्हणाली, "आवाज आला. मी जोड बघितला."