कोमट भिंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दादा फलाटावर उभा होता, आणि माझ्या बॅगेला चाकं आहेत हे दिसत असूनही त्याने ती खांद्यावर घेतली. मी हसले तर म्हणाला, ठमाबाई, अंगात रग आहे तोवर उचलू दे. आईबाबा गेल्यावर या माणसाने माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं. माझ्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, वाकड्यातिकड्या. इथल्या नोकरीची जाहिरात त्यानेच पाठवली, अर्ज कर म्हणून डोकं खाल्लं. उद्यापासून मी नगरपालिकेत घरतपासणी अधिकारी. अधिकारी, बरं का!

दादाचं घर तीन मजली, अरुंद, उंच. खोल्या भाड्याने दिलेल्या. परवाना सहा भाडेकरूंचा आहे आणि सहाच राहतात, हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मला दिलीय वरची मागची खोली. मी येणार म्हणून गवंडी लावून नीट करून घेतली म्हणे. फिकट निळा रंग, अजून वास मारतोय. मोठी खिडकी, टेबलावर नवा दिवा. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आमचे साहेब म्हणजे नाना. सगळेच नाना म्हणतात, म्हणून मीही. निवृत्तीला टेकलेले, बोलणं सावकाश, चालणं त्याहून सावकाश. आज त्यांच्याबरोबर पहिली तपासणी झाली. कायदा मला पाठ होता. एका खोलीत किती माणसं, पळायला दुसरी वाट हवी, मालकाला आदल्या दिवशी नोटीस, आणि कुणाचा जीव धोक्यात असेल तर नोटीस न देता दार फोडायचा अधिकार. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माणसं मोजत बसू नकोस, माणसांना पढवलेलं असतं. गाद्यांवर हात ठेव.

त्या घरात चार जण शहाण्यासारखे उभे होते, आम्ही चौघंच म्हणत. नानांनी कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गाद्यांच्या घडीत हात घातला. आतून कोमट! माळ्यावर चढलो तर तिथे दाटीवाटीने माणसं बसलेली, तोंडावर हात दाबून. एक बाई माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसली, जणू चोरी तिनेच केली होती. घरी येऊन दादाला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. गाद्यांची युक्ती त्याला भारीच आवडली. पुन्हा एकदा सांगायला लावली.

रविवार, ९ फेब्रुवारी

एक गंमत आहे. माझ्या पलंगाकडची भिंत कोमट लागते. या थंडीत पाठ टेकायला बरं वाटतं. दादाला विचारलं तर म्हणाला, मागून गरम पाण्याचा पाइप गेलाय. पण आज सकाळपासून बॉयलर बंद पडलाय, सगळं घर कुडकुडतंय, आणि भिंत मात्र कोमटच.

दुपारी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, तर सवयीने वर बघितलं. कामाचं खूळ घरीही सुटत नाही! वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला खिडक्या दोन आहेत. एक माझी. दुसरीची काच आतून रंगवलेली. ती कुठल्या खोलीची, ते काही लक्षात येईना. दादाला विचारायचं राहूनच गेलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दाराला आतून कडी लावून लिहितेय.

तळमजल्यावर एक इस्त्रीवाली राहते, हॉटेलच्या कपड्यांच्या कामाला जाते. बोटांवर भाजल्याचे डाग. आज अंगणात मी एकटी बघून जवळ आली आणि मान वर न करता बोलली. तुमच्या भिंतीमागे माझी धाकटी बहीण आहे, म्हणाली. आणि दुसऱ्याही बायका. ती सगळी एकच खोली होती. तुम्ही येणार ठरलं तेव्हा तुमच्या दादांनी मधे भिंत घातली. वाट त्यांच्या खोलीतल्या कपाटामागून. तुम्ही कामावर गेलात की त्या बाहेर येतात, तुम्ही आलात की आत. खोकायचं नाही, बोलायचं नाही. आत श्वास कोंडतो, बहिणीला दम्याचा त्रास आहे, काहीतरी करा. मी विचारलं, दादा असं का करेल? ती म्हणाली, ते आम्हांला हसत हसत सांगतात की तपासणीवालीच्याच खोलीमागे बघायला कोण येणार?

म्हणून जाहिरात पाठवली. म्हणून नवा दिवा. माझ्या दादाने केसाने गळा कापला माझा. मी त्याच्यासाठी बहीण नाही, दारावरची पाटी आहे.

वर येऊन भिंतीला तोंड लावून हळूच विचारलं, कुणी आहे का? पलीकडे कुणीतरी श्वास रोखला. रोखलेला श्वासही ऐकू येतो, हे मला आज कळलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नानांना सांगून टाकलं. रडले त्यांच्यापुढे, लाज सोडून. नात्यातलं घर तुला तपासता येत नाही, ते म्हणाले, मी स्वतः जातो. माझ्या नावाने तक्रार लिहून घेतली, पाठीवर हात फिरवला. मी म्हटलं, नाना, आजच जाऊन दार फोडू या, हा जीवघेणा प्रकार आहे. ते म्हणाले, नियमाने गेलेलं बरं, भाऊच आहे तुझा, वैरी नव्हे. शुक्रवारी तपासणी ठरली. नोटीस उद्या सकाळी दादाच्या हातात पडेल.

नियमच आहे तसा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादा रागावला नाही. चहा करून दिला, साखर बरोबर ना विचारलं. याचीच भीती वाटली.

संध्याकाळी घरी आले तर जिन्यातच ओल्या सिमेंटचा वास. गवंडी खाली उतरत होता, माझ्याकडे बघेना. दादाचं कपाट बाहेर पॅसेजमध्ये. ते होतं तिथे आता सपाट, ओली भिंत. अंगणात जाऊन पाहिलं, रंगवलेली खिडकीही विटांनी बुजवलेली. बायका कुठे, म्हणून ओरडले मी. दुसरीकडे सोय केली, म्हणाला. इस्त्रीवालीचाही पलंग रिकामा. तिचीही सोय केली म्हणे.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

मग पलंगावर बसले. भिंत अजून कोमट आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नाना आले. प्रत्येक खोलीत गेले, प्रत्येक गादीवर हात ठेवला. मी त्यांना ओढत माझ्या खोलीत आणलं आणि त्यांचा हात धरून भिंतीवर दाबला. त्यांना कळलं. चेहरा बघितला ना मी, त्यांना कळलं! हात झटकन काढून घेतला आणि म्हणाले, पाइप असेल.

पाइपाचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

दादा मागून मऊ आवाजात म्हणाला, आईबाबा गेल्यापासून हिचं हे असंच आहे, मनाचे खेळ, जरा विश्रांती हवी. नाना मान डोलावत राहिले. रजा मंजूर करतो, म्हणाले. दोघं बोलत बोलत खाली गेले, जुन्या ओळखीचे जातात तसे. किती वर्षांची ओळख आहे ही? मला नोकरी लावली कुणी मग?

दार बाहेरून बंद. फोन दादाकडे.

भिंतीवर टकटक होतेय. खूप जणींची.

शनिवार

खिडकीवर बाहेरून फळ्या ठोकल्यात. ओरडून घसा बसला. गल्लीतून कुणी वर बघत नाही — बघितलं तरी काय दिसणार.

टकटक कमी झालीय. भिंतीला गाल लावून बसले. काल होती तेवढी कोमट नाही. नाही — नक्कीच नाही.

पलंगाचा लोखंडी पाय सुटला. त्यानेच —

शनिवार, नंतर

निळा रंग पडला, गिलावा पडला. विटा एकेरी आहेत. दादाला आवाज जात असणार. येत का नाही तो?

एक वीट आत ढकलली गेली. घाण हवा आली तोंडावर. मग बोटं. भाजल्याचे डाग असलेली. त्यांनी माझा हात धरला, केवढा घट्ट! मी विचारलं, बहीण? नुसता हात आवळत राहिली. मी म्हटलं सोड, मला दोन्ही हात लागतील, तुला काढते — सोडत नाही. डाव्या हाताने लिहितेय, कुणाला तरी कळायला हवं —

दुसरी वीट हलतेय

दादा दाराशी आलाय. किल्ली फिरवत नाही, नुसता बोलतोय. मला निजवताना बोलायचा त्याच आवाजात. घाई करू नकोस म्हणतो, ठमाबाई, हाताला लागेल. भोक आणखी थोडं मोठं कर. तू मावायला हवीस ना. त्याच्या मागे गवंडी घमेलं खाली ठेवतोय, ऐकू आलं, आणि आता किल्ली —