जेवणाच्या सुट्टीनंतरची शिक्षा

आबा, सकाळी एका ट्रॅक्टरवाल्याला मी दोषी धरलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला शिक्षा सुनावायची आहे, आणि डबा समोर तसाच पडलाय. तुम्ही एसटीवर ड्रायव्हर होता तेव्हा तुमची लेक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसेल असं कुणाला वाटलं होतं? आज तर मला ती खुर्चीच नको झालीय.

उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून तो पेठ वडगावच्या बाजूनं कारखान्याकडं निघाला होता. ते ध्यान तुम्हाला ठाऊक आहे: टपावर मोठाले स्पीकर आणि छाती हादरेल असं गाणं. वळणावर मागची ट्रॉली कडेनं चाललेल्या एका शाळेतल्या बाईंना लागली. त्या खाली अडकल्या. माणसं "थांब, थांब" म्हणून बोंबलत मागं पळाली, पण ह्याला गाण्यापुढं काही ऐकूच आलं नाही. बाई तशाच फरफटत गेल्या. लगेच थांबला असता तर वाचल्या असत्या, असं डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं. बाईंचा नवरा प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर येऊन बसतो.

शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, असं मी त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तिशीतला गडी, कठडा धरून उभा राहिला. "म्याडम, मजेसाठी न्हाय वो लावलं गाणं. दोन रात्री झोपलो नव्हतो. बंद केलं असतं तर डोळं मिटलं असतं की."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी खेकसले, "मग गाडी उभी करायची!"

"मालक दुसरा डायवर बसवतो, म्याडम."

खेकसले मी, पण बोललात तुम्ही, आबा. लहानपणीची ती गडहिंग्लजची गाडी आठवली: मी तुमच्या मागच्याच सीटवर आहे. भर दुपारी तुम्ही गाडी चिंचेखाली लावता आणि स्टेअरिंगवर डोकं टेकता. गाडीतले प्रवासी खवळलेत. "ओ डायवर, घरात झोपायचं की!" तुम्ही डोकं वर न करता म्हणता, "झोप येतीया मला. मरायचं आसंल तर दुसरी गाडी बघा." लाजेनं मेल्यासारखं झालं होतं मला. डेपोत तुमची खरडपट्टी निघाली, पण नोकरी राहिली. तुमची नोकरी कायम होती, आबा! ह्याच्या जागेवर टपून बसलेले ढीगभर आहेत. मग तुमच्या मापानं ह्याला मोजू का? मालक माझ्यापुढं आरोपी म्हणून उभाच नाही. त्याचा राग मी ह्या गड्यावर तर काढत नाही ना? कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचीही वाट आहे. शिपाई दारात आलाय. जाते.

परत आले. एक वर्ष दिलं. त्याची बायको व्हरांड्यात ओरडत होती, "आन् मालकाला काय न्हाय व्हय?" बाईंचा नवरा जागेवरून उठला. इतक्या तारखांत पहिल्यांदाच बोलला, "एकच?" आणि चपला घालून निघून गेला.

हे धाडायला तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून खणात ठेवते. एक मात्र सांगते. शिक्षा माणसाच्या तोंडाकडं बघून सांगायची, हा माझा नेम आहे. आज मी त्या गड्याकडंही बघितलं नाही आणि बाईंच्या नवऱ्याकडंही नाही, आबा. कागदात डोकं घालून वाचून टाकली.