लादीवरची लावणी

७ जून १९८६, शनिवार. मुलुंड

आज किती हसले बाई! भावजी आलेत गावाहून. जेवताना म्हणाले, "वहिनी, राब भाजून झाला. आता पेरायचं, तरवा वर आला की लावणी."

नात मंजू विचारते, "तरवा म्हणजे काय गं आजी?" म्हटलं, शेण-पाला जाळून जमीन भाजायची, तो राब. त्यात दाट भात पेरायचं, उगवतो तो तरवा. तो उपटून चिखलात रोवायचा, ती लावणी. तिला कळेना. मग कोथिंबिरीच्या काड्या घेऊन वाकले नि लादीवर मांडत मागे मागे निघाले. पुढे गेलं तर लावलेलंच तुडवलं जाणार ना! मंजूपण मागे मागे. जाऊन आदळलो कामावरून येणाऱ्या सुरेशवर!

"आई, कंबरेची वाट लागेल!" दर वर्षी हेच सांगून लावणीला पाठवत नाही मला. बोटांमधून वर येणारा तो गार चिखल... पाय विसरलेत का? छे.

मंजू म्हणाली, "पप्पा, जाऊ दे ना आजीला."

सुरेश नुसतं "बघू" म्हणाला. ‘नाही’ म्हणाला नाही!

लावणीला चिखलात नेसायचं जुनं लुगडं धुऊन दारातच वाळत घातलंय. दिसू दे त्याला येता-जाता.