पाणी तोडायचा महिना

नागपूर, ७ एप्रिल २०२५

चि. दुर्गेश यास ताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय होत असून त्याची दाद कुठल्याही न्यायालयात लागण्यासारखी नाही. आमच्या शिक्षकखोलीतल्या पंख्याला दोनच गती आहेत : बंद आणि वादळ. बंद ठेवला तर आम्ही शिजतो, सुरू केला तर विज्ञान उडतं.

अक्षरशः उडतं. शाळेनं हुशार मुलांची 'प्रज्ञा तुकडी' काढली आहे. आठवी ते बारावी त्यांना विज्ञानात आधी काय शिकवायचं, मग काय, हा क्रम लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एकेक विषय गुलाबी चिठ्ठीवर लिहून मी भिंतीवर चिकटवते. पंखा लागला की गुरुत्वाकर्षण खिडकीतून बाहेर जातं. संध्याकाळी झाडू मारणाऱ्या रंभाबाई चिठ्ठ्या गोळा करून मनाला येईल तशा परत लावतात. परवा त्यांनी विद्युतधारेनंतर पचनसंस्था लावली, तर आमचे गणिताचे सौरव सर म्हणाले की आता क्रम जास्त ओघवता वाटतो.

या सौरव सरांचं म्हणणं, बारावीचं सगळं दहावीतच उरकावं आणि पुढची दोन वर्षं निव्वळ सराव परीक्षा घ्याव्यात. मुख्याध्यापिका बाई म्हणतात, पालकांना हेच हवंय. मीही कंबर कसली आणि पाच वर्षांची भिंत, मे महिन्याच्या सुट्ट्यांसकट, अशी भरून काढली की आता तिथे खिळा ठोकायलाही जागा नाही. दुपारी सगळे पेंगतात तेव्हा मी त्या भिंतीकडे बघत बसते. चिठ्ठ्या हळूच सळसळतात, आणि डोळा लागता लागता वाटतं की मी काटोलला आपल्या बगीच्यात बसलेय आणि फांद्यांवर संत्र्यांऐवजी धडे लगडलेत.

मुद्द्याचं सांगते. तुझी खुशी या तुकडीच्या निवड चाचणीत पास झाली. ती माझ्याकडे राहील. जूनअखेर होकार कळव, आणि फोन करू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. बाबांचा नियम आठवतो ना, घरातलं भांडण पोस्टानंच करायचं? राग पोचेपर्यंत निवतो, शिवाय बाबांच्या टपालखात्याला तिकिटाचे पैसे मिळतात. सोबत भिंतीचा फोटो ठेवलाय, खुशीला दाखव.

माया आहे तेवढी राहू दे. वाढवलीस तर तक्रार नाही.

तुझी ताई
प्रेमिला


काटोल, १९ एप्रिल २०२५

ती. प्रेमिलाताईस दुर्गेशचा सा. न. वि. वि.

पत्र भेटलं. पंख्याचं वाचून एवढा हसलो का बगीच्यातले लोकं म्हणाले, मालकाले ऊन लागलं.

माझा होकारच हाय. पण ताई, पाच वर्षं काहून? तीनात नाही होत का? संत्र्याचं कसं असते, माल बाजारात पहिले गेला त भाव त्याचा. मागून आलेल्याले कोण इचारते? तुझे सौरव सर मले पटून राहिले. त्यायले सांग, काटोलले या, पोटभर संत्री खाऊ घालतो.

अडचण पोरीची हाय. दुपारभर झाडाखाली पोतं टाकून पडली राहते. काय करून राहिली वं, म्हटलं, त म्हणते पाहून राहिली. काय पाहून राहिली, त जमिनीवरचे उन्हाचे ठिपके! पानाच्या फटी येड्यावाकड्या, मंग ठिपके सारे गोल कसे, हे तिनं तुले दिवाळीत इचारलं होतं म्हणते. तू चकल्या तळून राहिली होती, नंतर सांगतो म्हणाली. आत्याकडे आपलं एक उत्तर बाकी हाय, असं घरभर सांगत फिरते. अशी पोरगी तुझ्या तुकडीत टिकन का? मले तेच भेव वाटते.

मे मधी मृग बहारासाठी, पावसाच्या तोंडी फुलं यावी म्हणून, झाडाचं पाणी तोडतो. मंग मी मोकळा. जूनात तिले आणून सोडतो.

लहान भाऊ हाव, चुकलं त तिथूनच कान ओढजो.

तुझा
दुर्गेश


काटोल, २४ मे २०२५

ती. आत्यास खुशीचा शि. सा. न.

पप्पा म्हणाले की आता तू मोठी झाली, तुलाही आजोबांचा नियम लागू. म्हणून हे माझं पहिलं भांडण. मी येत नाही.

रागावू नकोस, कारण सांगते. पप्पांनी बगीच्याचं पाणी तोडलं आहे. पानं मिटून गेली, थोडी गळली. दुपारी आत गेलं की झाडं झोपली आहेत असं वाटतं आणि मला पण हळू चालावंसं वाटतं. लहान होते तेव्हा मला त्यांची फार दया यायची. विहिरीजवळच्या एका झाडाला मी रोज लपून बादलीभर पाणी टाकत होते. बाकीची सगळी झाडं पांढरी झाली, इतकी की वासानं डोकं गरगरलं, आणि माझ्या झाडाला नुसती पानं. हिरवंगार, पण फूल एक नाही. पप्पा म्हणाले, वं बाई, त्याले थांबू द्यायचं होतं, तू थांबूच नाही देल्लं.

आत्या, मी तुझी भिंत फोटो मोठा करून करून पाहिली. त्यात पाणी तोडायचा महिना कुठेच नाही. पप्पा पाणी तोडतात तेव्हा कोणी म्हणत नाही की झाड मागे पडलं. मी तिथे आले तर त्या बादलीवाल्या झाडासारखी होईन, मला भीती वाटते. मला विज्ञान खूप आवडतं, म्हणूनच.

आणि माझं ठिपक्यांचं उत्तर नववीच्या गुलाबी चिठ्ठीवर येणार असेल तर राहू दे. तोपर्यंत प्रश्न माझ्याजवळच बरा आहे.

पप्पांना मी हे दाखवलं नाही. तू कट्टी करू नकोस.

तुझी
खुशी


नागपूर, १५ जून २०२५

चि. दुर्गेश यास अ. उ. आ.

तुझ्या लेकीचं पत्र सोबत पाठवतेय. तिनं तुला दाखवलं नाही. आता मी दाखवते. वाच, मग वर बघ, आपल्याच झाडांकडे. घाईचा माल विकणारा माणूस वर्षातून एकदा बगीच्याला उगी राहू देतो आणि पोरीला मात्र तीन वर्षांत पिकवायला निघतो! मी तुला बोलत नाही. भिंत तर मीच भरली होती.

पत्र आलं त्या दुपारी मी पंखा मुद्दाम वादळावर ठेवला. चिठ्ठ्या सुटल्या, खोलीभर गुलाबी तरंगत राहिल्या, आणि मी त्यांना पडू दिलं. मग उचलताना प्रत्येकीला विचारलं की बाई, तुझा ऋतू कोणता? उष्णता आता एप्रिलात शिकवायची. नागपूरचा सूर्य त्यासाठी मानधन मागत नाही. प्रकाश दिवाळीनंतर, आकाश धुतलेलं असताना. अंकुरण आषाढात. आणि दर मे महिना कोरा.

बैठकीत तो कोरा चौकोन बघून सगळ्यांचे चेहरे शोकसभेला आल्यासारखे झाले. सौरव सरांनी विचारलं की त्या महिन्यात मुलांनी करायचं काय. मी म्हटलं, काही नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की 'काही नाही' माहितीपत्रकात कसं छापणार? तेव्हा मी बादलीवाल्या झाडाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं की हा चौकोन जाणार असेल तर तक्त्यावरचं माझं नावही जाईल, दुसरं कोणी शोधा.

मंजूर झालं. महिन्याचा पंधरवडा झाला आणि त्याला 'चिंतन-सत्र' असं भारदस्त नाव पडलं, म्हणजे पालकांना आपण काहीतरी विकत घेतल्यासारखं वाटेल. बारावी आता बारावीतच संपेल. ही कल्पनाही पुष्कळांना क्रांतिकारक वाटली. निघताना सौरव सर दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले की त्या झाडाचं पुढे काय झालं? मला ठाऊक नव्हतं. तू सांग. आणि खुशीला विचार. तिला विचार, होकार आता तिचा हवा, तुझा नको.

रागावला असलास तर मुदतीत निवून घे.

ताई


काटोल, २६ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र वाचलं. विहिरीपाशी जाऊन बसलो.

सरायले सांग, त्या झाडानं पुढच्या मृगात फुलं धरली. उशिरानं, पण धरली.

खुशी हो म्हणते. अट एकच, चिंतनाचे पंधरा दिवस ती काटोललेच येईन आणि पोत्यावर झोपून चिंतन करन. मी म्हटलं, बरं. आठ जुलैले घेऊन येतो. बगीचा फुलून राहिला, तिचा पाय निघन असं वाटत नाही. तिनं आठवण करायले लावली का तिचं उत्तर अजून बाकीच हाय.

लोभ काय मागू, तो त तू पोस्टानं धाडतच राहते.

दुर्गेश


नागपूर, १ जुलै २०२५

चि. खुशीस आत्याचे अ. उ. आ.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. पंखा तिथेही तसाच आहे, सवय कर.

सोबत एक कोरं पोस्टकार्ड पाठवतेय. त्याच्या मधोमध मी अगदी बारीक, त्रिकोणी भोक पाडलंय. पाडताना बोटाला टोचलं, पण ते तुझ्या हिशेबात धरत नाही. ज्या दुपारी ढग बाजूला होतील त्या दुपारी ते कार्ड उन्हात जमिनीलगत धर. त्रिकोण दिसेल. मग कार्ड हळूहळू वर ने, घाई न करता, हात पोचेल तिथपर्यंत, आणि लागलं तर पप्पांच्या खांद्यावर चढून. डोळे खाली, जमिनीवर ठेव. वर सूर्याकडे बघायचं नाही, तो खालीच भेटेल.

तो ठिपका बदलेल. काय झाला ते मला कळवू नकोस. आणि ठिपक्याचा आकार भोकावरून ठरत नसेल तर कशावरून ठरतो, ते पोत्यावर पडून शोध. सापडलं नाही तर प्रवासात शोध, तरीही नाही तर दिवाळीनंतर आपण दोघी शोधू.

चकल्या तळून झाल्या, बाळा. आपली फिट्टंफाट.

तुझी
आत्या