तीन जुड्या सांबार

मंगळवार, संध्याकाळ. बेसा, नागपूर

डोकं अजून तापलेलंच आहे. धाकट्या भावाची मुलगी रेवा सातवीत आहे. बाजारहाटाचं स्वतःचं उदाहरण घेऊन एकूण खर्चाची बैजिक राशी लिहा, असं गणिताच्या मॅडमनी सांगितलं होतं. तिने लिहिलं: वांगी दोन किलो, किलोला क्ष रुपये, सांबार तीन जुड्या, जुडीला य रुपये. एकूण खर्च २क्ष + ३य. यात चूक कुठे आहे? मी पुन्हा पुन्हा तपासलं.

मॅडमनी भर वर्गात विचारलं, "सांबाराची जुडी? इडलीसोबत बांधून देतात का?" वर्ग हसला. वहीवर लाल फुली. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे नागपुरात शिकवणाऱ्या बाईला ठाऊक नसावं? आणि नसलं तरी, भाजीचं नाव बदललं म्हणून बेरीज बदलते? मग क्ष आणि य असतात कशाला?

रेवाने गणिताच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं.

"काहून वं?" मी कारण विचारलं.

"मले नाही जायचं. तिथंही हसतील."

मी म्हटलं, उद्या शाळेत येतो, तुझ्या मॅडमना चांगलं सुनावतो. तीन जुड्या सांबार, असं छातीठोकपणे सांगतो.

तिने विचारलं, "मोठेबाबा, तुम्ही भाषणात काय म्हणता? सांबार का कोथिंबीर?"

तीस वर्षं सभांमध्ये माइकसमोर उभा राहतोय. खोटं बोलवलं नाही. "कोथिंबीर," म्हटलं.

"मंग मॅडमले काहून सुनावता?" म्हणाली, आणि वही दप्तरात टाकली.